जामीन सरकारचा, वाट शेजारणीची

१ फेब्रुवारी २०२६ हा आमच्या घराचा पहिला हप्ता जाण्याचा दिवस. त्याआधी हे लिहून ठेवते आहे, कारण गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या चार-पाच मराठी घरांतून एकच प्रश्न आला: "खिशात किमतीचे वीस टक्के नसताना तुम्ही घर घेतलंत कसं?" प्रत्येकीला फोनवर अर्धवट उत्तर दिलं. आता एकदाच सगळं, तारखांसकट.

आम्ही नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम टोकाला हेवुड काउंटीत राहतो. काउंटीला जिल्हा म्हणायचं, पण आकाराने ती आपल्याकडच्या तालुक्याएवढी. चारी बाजूंनी डोंगर. कामावर जाताना रोज दिसणारा पिस्गा ५,७२१ फूट उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे फूट जास्त. मी पाटण तालुक्यातली. सकाळी दरीत धुकं साचलेलं पाहिलं की अजूनही क्षणभर कोयनेकाठीच उभी आहे असं वाटतं. मी इथल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते, नवरा एका छोट्या कारखान्यात हिशेब बघतो. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई, ज्या सातारा जिल्ह्यात शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या.

आधी आम्ही शेजारच्या ॲशव्हिल शहरात भाड्याने राहत होतो. २७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळ आलं आणि शहराच्या पाणीपुरवठ्याच्या मुख्य जलवाहिन्याच वाहून गेल्या. नळाला पिण्यालायक पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला. त्रेपन्न दिवस. संडासात ओतायला लागणारं पाणी आम्ही ओढ्यावरून बादल्यांनी आणत होतो. माझी एक सहकारी हेवुडमध्ये डोंगरावर राहते, तिच्या घरी स्वतःची बोअर आणि जनरेटर. दर रविवारी ती आम्हाला पिण्याचं पाणी भरून द्यायची. तिच्या अंगणात कॅन भरत असतानाच आम्ही दोघांनी ठरवलं की आता आपलं घर, आणि घराला आपलं पाणी.

बचत होती चौदा हजार डॉलर. तीन लाखांच्या आतल्या घरालाही वीस टक्के म्हणजे साठ हजारांच्या जवळपास, ते आमच्या आवाक्यात नव्हतं. त्याच सहकारीने सांगितलं, "यूएसडीएचं कर्ज बघ." यूएसडीए म्हणजे इथलं कृषी खातं. हे मी आबांना, माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मग शेती करावी लागेल का?" उलट आहे. योजनेचं मूळ १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यात आहे आणि सुरुवात शेतकऱ्यांच्या घरांपासून झाली, पण आज मुख्यतः उत्पन्नाची शेती असलेली मालमत्ता या कर्जात बसतच नाही. घर ग्रामीण भागात हवं आणि त्यात तुम्ही स्वतः राहायला हवं; शेतीची अट नाही.

या खात्याची दोन कर्जं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एकात सरकार स्वतः पैसे देतं. ते कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे, मुदत सहसा तेहेतीस वर्षांपर्यंत, आणि अनुदानामुळे व्याज एक टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं. त्यात आम्ही बसत नव्हतो. दुसऱ्यात पैसे बँकेचेच असतात, सरकार फक्त जामीन राहतं. आमचं हे दुसरं. पदरचा हिस्सा शून्य, तीस वर्षं, व्याजदर कायम. जामिनाबद्दल सरकार सुरुवातीला कर्जाच्या एक टक्का फी घेतं, ती कर्जातच मिळवता येते. शिवाय वर्षाला शिल्लक कर्जाच्या ०.३५ टक्के, ते हप्त्यातून जातात.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही आधी ज्या बँकेत खातं होतं तिथेच गेलो. तिथला माणूस म्हणाला की ही कर्जं वेळखाऊ असतात, त्यापेक्षा आणखी दोन वर्षं पैसे साठवा. मी खूप हिरमुसले होते. नंतर कळलं की सगळेच कर्जदाते हे कर्ज करत नाहीत, आणि जे वर्षाला एखाददुसरं करतात त्यांना त्यातल्या खाचाखोचा माहीत नसतात. म्हणून कुणाकडेही जाल तर पहिला प्रश्न हाच विचारा: गेल्या वर्षी यूएसडीएची किती कर्जं केलीत? फेब्रुवारीत आम्हाला जी कर्ज अधिकारी भेटली ती या डोंगरांतच वाढलेली होती आणि हीच कर्जं जास्त करायची. पहिल्याच भेटीत तिने आमच्यासमोर पात्रतेचा नकाशा उघडला. ॲशव्हिल शहर अपात्र, आणि तिथून अर्ध्या-पाऊण तासावर हेवुडमधल्या वेन्सव्हिल गावाच्या आसपासचे डोंगर पात्र. घराचा पत्ता टाकला की लगेच उत्तर मिळतं, त्यामुळे घर बघायला गाडी काढण्याआधी पत्ता तिथे टाकून बघा.

कागद नेहमीचेच: दोन वर्षांची करविवरणं, तीस दिवसांच्या पगारपावत्या, दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, नवऱ्याचा पासपोर्ट, माझं ग्रीन कार्ड. इथे एक गोष्ट ठळक सांगते. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर हे कर्ज मिळतं, एच-वन-बी व्हिसावर मिळत नाही. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने घर पसंत करून झाल्यावर हे ऐकलं, आणि तिचा रडवेला आवाज माझ्या अजून कानात आहे.

आमचं अडलं ते सासूबाईंच्या पेन्शनवर. या कर्जात उत्पन्न दोन वेगळ्या अर्थांनी मोजतात. एक, हप्ता फेडायला पुरेसं आहे का. त्यात फक्त कर्जदारांचं धरतात. दुसरं, घर फार जास्त कमावतं का; त्यात घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचं धरतात, मग त्याचं नाव कर्जावर असो वा नसो. आमच्या भागात एक ते चार माणसांच्या घराला २०२५ ची मर्यादा वर्षाला १,१९,८५० डॉलर होती. आमच्या दोघांचे मिळून ९४,०००. सासूबाईंचं पेन्शन महिना साधारण चौतीस हजार रुपये, म्हणजे वर्षाचे साडेचार हजार डॉलरच्या वर थोडे. मर्यादेत आरामात बसत होतो, तरीही कागद हवाच होता. पेन्शनचा आदेश आणि पासबुकाच्या नोंदी मराठीत. भाषांतर घरच्या माणसाचं चालणार नाही असं आम्हाला सांगितलं, म्हणून साठ डॉलर देऊन बाहेरून करून घेतलं. सासूबाईंना वाटलं आपल्यामुळे सगळं खोळंबलं. "माझं पेन्शन नका दाखवू, मी कुठे मागते आहे कर्ज?" त्या दोन दिवस जेवताना गप्प होत्या. म्हणून ज्यांच्या घरी आईवडील राहतात त्यांना सांगते, त्यांचे कागद पहिल्या आठवड्यातच गोळा करा आणि कशासाठी लागतात ते त्यांना नीट समजावून सांगा. लपवलेलं उत्पन्न नंतर सापडलं तर सगळं तिथेच मोडतं. उलट मुलांमागे वर्षाला ४८० डॉलर आणि पाळणाघराचा खर्च एकूण उत्पन्नातून वजा होतो, तेही सांगायला विसरू नका.

क्रेडिट स्कोअर माझा ७०२, नवऱ्याचा ६६८. ६४० किंवा त्याहून जास्त असला की संगणकावरच्या छाननीतून वाट बरीच सोपी होते. हप्ता, घरपट्टी आणि विमा मिळून पगाराच्या २९ टक्क्यांच्या आत आणि सगळी कर्जं मिळून ४१ टक्क्यांच्या आत, हा सर्वसाधारण नियम. आम्ही २७ आणि ३५ च्या आसपास होतो.

मार्च ते ऑगस्ट घरं पाहिली. एक घर ओढ्याकाठी होतं, लेकीला फार आवडलं. पण ते पूररेषेत होतं आणि पुराच्या विम्याचा आकडा ऐकूनच आम्ही परतलो. हेलीन पाहिल्यावर तसंही तिथे झोप लागली नसती. दुसऱ्या घराला तीन घरांत मिळून एका झऱ्याचं पाणी येत होतं. पाणी गोड, थंडगार; मला गावाकडच्या झऱ्याची आठवण आली. कर्ज अधिकारी म्हणाली, माझ्या फाइलीत हा झरा बसणार नाही. तेव्हा मला हळूहळू कळायला लागलं की डोंगरात घराआधी पाणी, मैला आणि वाट बघायची. स्वयंपाकघराचा ओटा शेवटी.

तिसरं घर १९७४ चं. झोपायच्या तीन खोल्या, एक एकरभर उतार, सफरचंदाची दोन म्हातारी झाडं, ३०५ फुटांची बोअर. मालक ऐंशीच्या घरातले आजोबा, टेनेसीला मुलीकडे जायला निघालेले. किंमत ठरली २,८९,००० डॉलर आणि खर्चासाठी आजोबांकडून पाच हजार परत. अशी विक्रेत्याची मदत या कर्जात किमतीच्या सहा टक्क्यांपर्यंत चालते, तेव्हा मागायला लाजू नका. १६ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. या राज्यात एक रीत आहे जी बाहेरून आलेल्याला धक्का देते. विक्रेत्याला सुरुवातीलाच तपासणीकाळाची फी द्यायची, आणि आपण माघार घेतली तर ती परत नाही. आम्ही दीड हजार दिले. शिवाय वकिलांकडे अडीच हजार बयाणा. तपासणीची मुदत १९ सप्टेंबर, खरेदी ३ ऑक्टोबर. २ ऑक्टोबरला दसरा होता. सासूबाई म्हणाल्या, "सीमोल्लंघन करूनच जाऊ."

घराची तपासणी ५२५ डॉलर, सेप्टिक टाकी उघडून बघण्याचे ४५०, रेडॉन या किरणोत्सर्गी वायूच्या तपासणीचे १५०, पाण्याचे १८०. इथल्या खडकातून रेडॉन निघतो म्हणून तळघर असेल तर ती तपासणी सोडू नका. आमचा आकडा चार पिकोक्युरी प्रति लिटरच्या खाली आला; चार किंवा त्याहून जास्त असेल तर उपाय करायलाच सांगतात. सेप्टिकचा मूळ परवाना काउंटीच्या आरोग्य खात्याकडे मिळतो. तो आधी काढून बघा, कारण परवाना झोपायच्या खोल्यांवर असतो, दर खोलीला दिवसाचे १२० गॅलन. जाहिरातीत चार खोल्या आणि परवान्यात दोन असं डोंगरात पुष्कळदा आढळतं. बोअरपासून टाकी पन्नास फूट आणि पाणी मुरवायचे चर शंभर फूट लांब हवेत. तपासनीसाने टेप लावून मोजलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. चर एकशे अठरा फुटांवर निघाले.

पाण्याचा नमुना आपण स्वतः घ्यायचा नाही, व्यवहाराशी संबंध नसलेल्या माणसाने घ्यायचा. मी रोज लॅबमध्ये नमुने हाताळते, तरी मला बाजूला उभं राहावं लागलं, आणि ते योग्यच आहे. अहवाल आला २७ ऑगस्टला, गणेश चतुर्थीला. घरात मोदकांची उकड चालू होती. कोलिफॉर्म जिवाणू आढळले, ई. कोलाय नाही. या दोन ओळींमधला फरक मला नोकरीमुळे माहीत होता. वरचं पाणी कुठूनतरी बोअरमध्ये झिरपतंय, पण मैल्याचं नाही. तरी हात थरथरले. आईला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "मग त्यात काय, टीसीएल टाका. आपल्या विहिरीत ग्रामपंचायत टाकतेच की." आणि खरंच, इथेही तेच करतात. बोअरच्या तोंडावरच्या झाकणाचं रबर कुजलेलं निघालं. आजोबांनी झाकण बदललं, ३० ऑगस्टला ब्लीच टाकून बोअर निर्जंतुक केली, क्लोरीनचा मागमूस जाईपर्यंत पाणी वाहवलं, आणि ८ सप्टेंबरला दुसरा नमुना गेला, ९५ डॉलर. ११ तारखेला अहवाल स्वच्छ. यात पंधरा दिवस गेले. म्हणून सही झाल्यावर पहिलं काम पाण्याचं करा.

मूल्यांकन करणारा माणूस ३ सप्टेंबरला येऊन गेला, ७७५ डॉलर. मूल्य बरोबर २,८९,००० आलं. जास्त आलं असतं तर वरची रक्कम खर्चासाठी कर्जात घेता आली असती. त्याने तीन शेरे मारले. ओसरीच्या कठड्याचा रंग सुटलाय. घर १९७८ च्या आधीचं असल्याने त्यात शिसं असू शकतं, तेव्हा खरवडून पुन्हा रंगवा. मागच्या पायऱ्यांना हाताला धरायला दांडा लावा. आणि तिसरा शेरा: घरापर्यंतचा रस्ता खासगी आहे, त्याचा नोंदवलेला कायमचा हक्क दाखवा.

पहिल्या दोन शेऱ्यांना आजोबांच्या जावयाला एक शनिवार पुरला. तिसऱ्याने माझी झोप उडवली.

सार्वजनिक रस्त्यापासून घरापर्यंत खडीचा साधारण चारशे फुटांचा रस्ता आहे आणि त्यातला निम्मा शेजारणीच्या जमिनीतून जातो. आजोबांच्या १९८१ च्या खरेदीखतात फक्त "सध्याच्या रस्त्याने जाणे-येणे" एवढंच लिहिलेलं. कुठला रस्ता, किती रुंद, कायमचा की कसं, काही नाही. चव्वेचाळीस वर्षं कुणी कुणाला अडवलं नव्हतं म्हणून कुणी विचारलंही नव्हतं. पण जामीन राहणाऱ्या सरकारला कागद हवा. पुढे कधी घर बँकेकडे आलं तर बँकेला तिथे पोचता यायला हवं, आणि कुठल्याही हवामानात अग्निशमनाची गाडी वर चढायला हवी.

संध्याकाळी आबांना फोन केला. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. आमच्या रानात जायची पाणंद माझ्या लहानपणी शेजाऱ्याने नांगरून टाकली. मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली आबांनी तहसील कचेरीत दावा लावला, आणि वाट मोकळी होईपर्यंत नऊ वर्षं गेली. नऊ पावसाळे आम्ही ऊस डोक्यावरून बाहेर काढला. आबा एवढंच म्हणाले, "वहिवाट तोंडी असली की माणसं मरेपर्यंत टिकते. तू कागद केल्याशिवाय दमडी देऊ नको." त्या क्षणापासून तो शेरा मला अडथळा वाटेनासा झाला.

१२ सप्टेंबरला मी आणि नवरा शेजारणीकडे गेलो. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी व्हरांड्यात बसवलं. तिथे मी वकिली भाषेत काहीच बोलले नाही, आमच्या पाणंदीची गोष्ट सांगितली. त्यांना एवढंच हवं होतं की आम्ही फाटक लावून कुलूप घालू नये आणि खडी टाकायचा खर्च अर्धा वाटून घ्यावा. आम्ही दोन्ही कबूल केलं. आजोबांनी वकिलांचे साडेतीनशे डॉलर भरले, मसुदा झाला: वीस फूट रुंद, कायमचा, दोन्ही घरांच्या पुढच्या मालकांनाही लागू. १७ सप्टेंबरला नोटरीसमोर सह्या आणि त्याच दुपारी वेन्सव्हिलच्या नोंदणी कार्यालयात २६ डॉलर भरून नोंद. तपासणीची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. शेजारणीने आम्हाला निघताना घरचा सफरचंदाचा मुरंबा दिला. डोंगरात घर घेणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं: रस्ता खासगी असेल तर हक्काचा कागद कराराच्या पहिल्या आठवड्यातच वकिलाकडून शोधून घ्या. आम्हाला शेजारीण भली भेटली. तिने नकार दिला असता तर दीड हजार डॉलर आणि घर दोन्ही गेलं असतं.

२४ सप्टेंबरला बँकेने संपूर्ण फाइल कृषी खात्याकडे पाठवली. बँकेची मंजुरी झाली की खातं स्वतः फाइल बघतं आणि सशर्त हमीपत्र देतं, नमुना ३५५५-१८. ते हाती आल्याशिवाय खरेदी होत नाही. तीन-चार कामाचे दिवस लागतील असं सांगितलं होतं. ३० सप्टेंबरला, मंगळवारी, कर्ज अधिकारीचा फोन: आपला नंबर अजून आलेला नाही, आणि आज मध्यरात्री संघराज्याचा निधी संपतोय. १ ऑक्टोबरला सरकार बंद झालं, म्हणजे निधीअभावी बरीच सरकारी कामं थांबली. ज्यांचं हमीपत्र आधीच निघालं होतं त्यांच्या खरेद्या झाल्या. ज्यांचं निघालं नव्हतं, ते सगळे तिथेच थांबले. खोकी भरलेल्या घरात आम्ही दसरा केला आणि आपट्याच्या पानांऐवजी मेपलची पानं एकमेकांना दिली.

हा बंद त्रेचाळीस दिवस चालला, देशाच्या इतिहासातला तोपर्यंतचा सगळ्यात लांब. फोन लावावा तर उचलणारं कुणी नाही, मेलला ठरावीक उत्तर. राग कुणावर काढणार? ते कर्मचारी स्वतः बिनपगारी घरी बसले होते. माझ्या एका सहकारीचा नवरा राष्ट्रीय उद्यानात नोकरीला. त्यांच्याकडे महिनाभर एकच पगार. आम्ही निदान छपराखाली होतो.

या काळात तीन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. पहिली व्याजदर. आमचा ६.१२५ टक्के पंचेचाळीस दिवसांसाठी बांधलेला होता. तो दोनदा वाढवला, प्रत्येक वेळी ३६५ डॉलर. दुसरी भाड्याचं घर, ज्याचा करार ३१ ऑक्टोबरला संपत होता. घरमालकाने महिन्या-महिन्याने राहू दिलं, पण भाडं वाढवून. तिसरी आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे आजोबा. करारातली तारीख उलटली होती. त्यांच्या एजंटने सांगितलं की रोख पैसे देणारं एक गिऱ्हाईक विचारतंय. कर्ज अधिकारीने आम्हाला दुसरा मार्ग दाखवला, सरकारी गृहखात्याच्या हमीचं कर्ज, ते बंदमध्येही चालू होतं. पण त्याला साडेतीन टक्के पदरचे, म्हणजे १०,११५ डॉलर, आणि ते दिल्यावर हातात काहीच उरत नव्हतं. नवरा म्हणाला, तुझ्या बांगड्या मोडायच्या नाहीत. मी मोडायला तयार होते. सासूबाईंनी आपली पाटली काढून टेबलावर ठेवली. ती रात्र मला कधी विसरता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद-पेन घेऊन आजोबांना पत्र लिहिलं. कुठपर्यंत काम झालंय, कशासाठी थांबलंय, आणि आम्ही काय-काय भरलंय, एवढंच. गयावया केली नाही. त्यांनी १५ डिसेंबरपर्यंतच्या मुदतवाढीवर सही करून दिली. मुलीकडे जायचं तेही महिनाभर पुढे ढकललं. एजंटमार्फत एवढाच निरोप आला की रस्त्याचा कागद आमच्यामुळे झाला, त्यांना स्वतःला कधी सुचला नव्हता.

दिवाळी खोक्यांमध्येच झाली. चकलीचा सोऱ्या सापडेना, मग शेव केली नाही, लाडू केले.

१२ नोव्हेंबरच्या रात्री बंद संपला. सकाळीच कर्ज अधिकारीचा मेल: नव्या पगारपावत्या, नवं बँक स्टेटमेंट, आणि नोकरी चालू असल्याची पुन्हा खातरजमा. सासूबाईंच्या पासबुकाची ताजी नोंदही मागितली. म्हणून अशा वाट पाहण्याच्या काळात नवी गाडी, नवं क्रेडिट कार्ड, नोकरीबदल, यातलं काहीही करू नका. फाइल झोपलेली दिसली तरी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली जाते. २१ नोव्हेंबरला, शुक्रवारी, हमीपत्र आलं. मी लॅबमध्ये होते, यंत्र चालू होतं, बाहेर जाता येईना. हातमोजे काढून फोनवर तो एक पानाचा कागद तीनदा वाचला.

२४ तारखेला अंतिम हिशेबाचा कागद मिळाला. तो खरेदीच्या किमान तीन कामाचे दिवस आधी मिळावाच लागतो. मध्ये थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली म्हणून तारीख पडली २ डिसेंबर. कर्ज २,९१,९१९ डॉलर, कारण २,९१९ ची फी त्यातच मिळवलेली. मुद्दल-व्याज १,७७४, जामिनाची वार्षिक फी महिन्याला ८५, घरपट्टी आणि विमा धरून एकूण २,११४. ॲशव्हिलला भाडं १,८५० होतं. शेवटच्या दिवशी आमच्याकडून गेले १,३७०. आधीच्या तपासण्या, भाषांतर, बयाणा सगळं धरून पहिल्या दिवसापासून आमच्या खिशातून गेले ७,६०५ डॉलर. पैसे वायरने पाठवण्याआधी वकिलांच्या ऑफिसला आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून खाते क्रमांक तोंडी पडताळा. मेलमधल्या नंबरवर करू नका. खोट्या मेलने लोकांची आयुष्यभराची बचत गेली आहे.

सह्यांना पाऊण तास लागला. या राज्यात खरेदी वकिलांकडे होते आणि खत नोंदलं जाईपर्यंत किल्ली मिळत नाही. आम्ही वेन्सव्हिलच्या मुख्य रस्त्यावर गाडीत बसून राहिलो. थंडी होती, लेक मागच्या सीटवर गणितं करत होती. तीन चाळीसला मेल आला: नोंद झाली, पुस्तक क्रमांक अमुक, पान क्रमांक अमुक. आजोबा घरी थांबले होते. त्यांनी किल्ली सासूबाईंच्या हातात दिली आणि बोअरचा स्विच कुठे, थंडीत नळ कसा ठिबकता ठेवायचा, ते त्यांना दाखवलं. दोघांना एकमेकांची भाषा फारशी येत नव्हती. पंधरा मिनिटं ते त्या पंपाजवळ उभे होते.

रात्री, म्हणजे तिकडे सकाळी, आबांना खरेदीखताचा फोटो पाठवला. त्यांनी तो बघितला आणि विचारलं, "हे झालं. वाटेचा कुठंय?" तोही पाठवला. पुस्तक आणि पान क्रमांक मला दोनदा वाचायला लावले आणि आपल्या डायरीत लिहून घेतले. आईने सांगितलं, नंतर त्यांनी तालुक्याला जाऊन त्याची छापील प्रत काढली आणि आमच्या सातबाऱ्याच्या फाइलीत लावली.